अर्धं तिकीट

१

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी भीमाच्या चपला चोरीला गेल्याचं उघडकीस आलं, आणि नबीलाल मुलाणींना मनातल्या मनात बरं वाटलं. सोलापूर आगारातून वाहक म्हणून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती आणि गेल्या तीन वर्षांत तर त्यांच्या देखत काही घडलंच नव्हतं. चपला तर चपला.

"हितंच काढल्या हुत्या की, होडीपाशी," भीमा तापलेल्या जमिनीवर पाय आलटून पालटून उचलत म्हणाला. होडी त्याचीच होती. "निळ्या, रबरी. एका अंगठ्याला तार बांधलेली. असल्या चपला कोण नेणार वो, चाचा?"

"तेच तर शोधायचंय," नबीलाल म्हणाले आणि खिशातला तिकीट-पंच चाळवू लागले. हा पितळी पंच निवृत्तीच्या दिवशी आगारात जमा करायचा होता. हरवला म्हणून त्यांनी लिहून दिलं होतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी केलेला गुन्हा तेवढाच.

सहल कुमारची होती. मोहोळचा हा पोरगा किनारा टूर्स या संस्थेचा मालक, चालक आणि एकमेव कर्मचारी. 'एक दिवस समुद्रकिनारी: सकाळी शिडाची होडी, मग किनाऱ्यावर पदभ्रमण, दुपारी वाइनचा आस्वाद' असं त्याच्या पत्रकावर छापलं होतं. सोलापूरपासून समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब पडतो, ही अडचण कुमारनं तो समुद्र उजनी धरणाच्या फुगवट्यावर आणून सोडवली होती. नबीलालांनी सकाळी शंका काढली तेव्हा तो म्हणाला, "पाणी संपतं तिथं किनारा, चाचा. आपण समुद्र शब्द बारीक टायपात टाकलाय."

नबीलालांची लेक इफ्रा पुण्यात. तिनं फोनवरूनच बुकिंग करून टाकलं होतं. "अब्बा, लोकांत मिसळा जरा." लोक म्हणजे बारा शिटांच्या गाडीत तिघं निघाले. नबीलाल, वैरागचे बियाणंवाले बाळासो आणि एक सत्तरीच्या पुढची बाई, मायाक्का.

"चपला राहू द्या," कुमार लांबून ओरडला. "गाडी सुटायची वेळ झाली. चला, बसा, बसा!"

तो हे गेला अर्धा तास ओरडत होता. नबीलालांनी सवयीनं पंच वर धरला. बाळासो, टिक. स्वतः, टिक. वाहक स्वतःला मोजत नाही, पण अलीकडं त्यांना घरीही मोजायची सवय लागली होती, आणि तिथं एकदाच टिक व्हायची.

तिसऱ्या टिकेसाठी त्यांनी मान वळवली. मायाक्का कुठंच नव्हत्या.

२

द्राक्षबागेच्या खालच्या अंगाला एप्रिलमुळं पाणी मागं सरलं होतं. तिथं एका काळ्या सपाट दगडावर मायाक्कांच्या चपला सापडल्या. तपकिरी, सोनेरी पट्टीच्या. दगडाच्या उजव्या कडेला एकमेकींना चिकटून, पुढची टोकं पाण्याकडं. दगडापलीकडं जमिनीतून वितभर वर आलेल्या दगडांच्या ओळी, मग भेगाळलेला गाळ, मग ओला गाळ, मग पाणी. पाण्यावर काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की बघवेना.

कुमार आणि बाळासो ओरडत पाण्यापर्यंत धावले, परत आले, पुन्हा धावले. त्यांच्या बुटांनी गाळाचं असं मातेरं केलं, की तिथून एखादी बैलजोडी गेली असती तरी माग लागला नसता.

"संपलो मी," कुमार मटकन खाली बसला. "पहिलीच ट्रिप, चाचा. सुखरूप आणून सोडीन असं लिहून दिलंय मी. सही करून."

भीमा लांब बांबू घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरला होता आणि एक एक पाऊल चाचपत होता. त्याच्याकडं बघताना नबीलालांना चपलांच्या चोरीवर झालेला मघाचा आनंद आठवला. दिवसभर त्या बाईच्या पुढच्याच शिटेवर ते बसले होते. सकाळपासून तिच्याशी किती बोलले? "खिडकी लावू का?" एवढंच. ती "नगं" म्हणाली होती.

"आता पोलिसांना फोन," कुमार म्हणाला. "रेंज वरच्या टेकाडावर."

"करायचाच," नबीलाल म्हणाले. "पण ते आल्यावर पहिल्यांदा विचारणार, शेवटचं कुणी बघितलं. ते आपण आत्ता विचारून घेऊ. भीमाला शोधू दे. बाळासो, तुम्ही सांगा."

"मी काय सांगू? माझा काय संबंध?" ज्याला कुणी काहीच म्हटलेलं नाही, अशा माणसाच्या जोरात बाळासो बोलले.

"सकाळी तुमचं भांडण झालं."

"ते शिटेवरून! मला दाराजवळची हवी होती, गुडघ्यामुळं. म्हातारी उठेचना. पिशवी मांडीवर घेऊन अशी बसलेली, की जसं काय पुढच्या थांब्याला उतरायचंय. वर फळी रिकामी, ठेवा की म्हटलं. नाही. पिशवीतनं लाकडाचा दांडा डोकावत होता, म्हटलं लाटणं घेऊन निघालात काय सहलीला? त्यावर अशी बघितली माझ्याकडं…" बाळासोंनी आवाज खाली आणला आणि पाण्याकडं बोट केलं. "पण खरं भांडण तिचं त्याच्याशी झालं. होडीत. 'तुला फेडावं लागंल,' असं म्हणाली ती भीमाला. मी माझ्या कानानं ऐकलं."

३

होडीतलं ते सकाळचं दृश्य नबीलालांच्याही डोळ्यांसमोर होतं. दोन सोलापुरी चादरी जोडून शीड शिवलेलं, त्यावर मोर, आणि शीड उलटं बांधल्यामुळं मोर डोक्यावर उभे. वारा नव्हताच. शेवटी भीमानं वल्ही काढली आणि कुमारनं या प्रकाराला 'स्लो सेलिंग' असं नाव दिलं. भांडण मात्र त्यांनी ऐकलं नव्हतं. ते टोकाला बसून पाण्याकडं बघत होते. त्यांची बायको जाहिदा, जाऊन तीन वर्षं झाली, तिला समुद्र बघायचा होता. एवढ्या पाण्यावर तिचं भागलं असतं का, याचा ते विचार करत होते. भागलं असतं. तिचं कशावरही भागायचं.

भीमा पाण्याबाहेर आला, बांबू टेकून धापा टाकत.

"काय न्हाय लागत, चाचा. गाळ लई हाय."

"भीमा, होडीत ती तुझ्यावर का चिडली?"

भीमानं बाळासोंकडं एकदा रागानं बघितलं. "मी काय केलं न्हाय वो. त्या मधल्या भागात गेलो, तर म्हातारी म्हणली, होडी हितनं नेऊ नगं. मी म्हणलं, का? तर म्हणली, खाली देऊळ हाय. देवाच्या डोक्यावरनं नेतोयास, तुला फेडावं लागंल."

"खाली देऊळ आहे?"

"हाय की. जुनी बोरटाकळी. धरणात गेली ती. मी पलीकडल्या गावचा, मला काय ठावं नेमकं कुटं काय हाय ते. तिला बोटावर ठावं. हितं चावडी, हितं पार. मग तिनं काय केलं, पायातल्या चपला काढल्या अन् मांडीवर घेतल्या. होडी तितनं पुढं जाईस्तोवर घातल्या न्हाईत. पाण्यावर बसून देवळात चपला काढत्यात, असं म्या जल्मात बघितलं न्हवतं."

बोरटाकळी हे नाव नबीलालांच्या डोक्यात कुठंतरी आपटलं. टेंभुर्णी मार्गावर सहा वर्षं काढली होती त्यांनी. थांबा होता नव्या बोरटाकळीचा, वसवलेल्या गावाचा. पण एखादी म्हातारी तरी सवयीनं म्हणायचीच, "बोरटाकळी द्या, जुनी." आणि नबीलाल म्हणायचे, "जुनी? पोहता येतंय का, आजी?" सगळी गाडी हसायची. सहा वर्षं त्यांनी हा विनोद केला. ज्या बाईला केला ती कधी हसली का, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. आठवेना.

"तिचंच गाव होतं तर," ते म्हणाले.

"व्हय. अन् चाचा, अजून एक." भीमानं बांबू गाळात रोवला. "उतरताना मला म्हणली, 'एवडी वर्सं वरनंच बघितलं. आज आत जायाचं.'"

४

वाइनचं प्रकरण बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये झालं होतं. बाग अजिनाथची. त्याची मुलगी ऋतुजा वाइनचा अभ्यासक्रम करून नाशिकहून परतली होती. नबीलाल शेडमध्ये पोचले तेव्हा ती धुतलेलेच ग्लास पुन्हा धूत होती.

"माझ्यामुळं झालं का, काका?" तिनं विचारलं. "मी त्यांना पाजली. म्हणजे, नुसता ओठ लावायला सांगितला. जिभेवर फिरवा आणि काय वाटतं ते सांगा म्हटलं."

तो कार्यक्रम नबीलालांनी पाहिला होता. त्यांच्यासाठी साधा द्राक्षरस होता. ऋतुजानं त्यांनाही विचारलं, "काय येतंय?" ते म्हणाले, "द्राक्षं." तिनं ते वहीत लिहून घेतलं. बाळासोंनी ग्लास एका दमात रिकामा करून "दारू येतीया" असा अभिप्राय दिला आणि दुसरा नमुना मागितला. ऋतुजाच्या मते मात्र त्यात जांभूळ होतं, लवंग होती, ओल्या लाकडाची झाक होती आणि एक दूरचा उदासपणा होता. उदासपणा सगळ्यांनी मान्य केला.

"मायाक्का काय म्हणाल्या होत्या? त्यांच्या पाळीला मी बाहेर गेलो होतो."

"ओली राख. वाळलेली बोरं. 'आमच्या परड्यातली,' म्हणाल्या. मी हसले, काका." तिनं ग्लास खाली ठेवला. "आणि बाबांच्या हातून बाटली पडली."

अजिनाथ दारातच उभा होता. तो बराच वेळ तिथं असावा.

"तुम्ही दचकलात कशाला?" नबीलालांनी विचारलं.

"म्हातारी ओळखून बसली म्हणून." अजिनाथनं टोपी काढली. "माझी जमीन मुरमाड हो. इथं काय येत होतं? पाणी आटलं की आम्ही खालचा गाळ आणून टाकतो. त्या गावातलाच. चारशे ट्रॅक्टर टाकला असेल. त्यावर ही बाग उभी राहिली. मला वाटलं, ही बाई आता म्हणणार की ही माती माझी."

"म्हणाल्या?"

"नाही. बाटली फुटल्यावर माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, 'घाबरू नगंस. उगावलं ना काहीतरी? बरं झालं.' आणि मग विचारलं…" अजिनाथ अडखळला. "विचारलं, की या बागेतनं खाली उतरलं तर थोरल्या वाड्याशेजारचं घर लागतं का. म्हटलं, वरची चार घरं उघडी पडलीत यंदा, कुणाची ते मला ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, 'मला हाय.' आणि पिशवी घेऊन गेल्या."

"पिशवी घेऊन?"

"हो. काखेत."

नबीलाल वळून चालू लागले. दगडावर चपला होत्या. पिशवी नव्हती. हे बरं की वाईट, त्यांना कळेना.

५

कुमार टेकाडावरून खाली येत होता. पोलीस पाऊण तासात येणार होते.

"कुमार, तिच्या घरचं कोण?"

"मुलगा बडोद्याला. त्याला काय सांगू मी? त्यानं बुकिंग केलंच नव्हतं, चाचा. ती स्वतः आली. माझं पत्रक घेऊन, त्यावरच्या फोटोवर बोट ठेवून." फोटो एका दुष्काळी वर्षातला, पाण्यातून वर आलेल्या देवळाच्या कळसाचा होता. खाली कुमारनं 'रहस्यमय बेट' असं लिहिलं होतं. "म्हणाली, हितं जायचं. म्हटलं या. तर म्हणाली, अर्धं तिकीट द्या."

"अर्धं?"

"हसलोच मी. म्हटलं आजी, एसटीत बायकांना अर्धं असतं, आमच्याकडं सवलत नसते. ती दोन-तीनदा म्हणाली, अर्धं द्या की, मला अर्धंच पायजे. मग गप्प बसली आणि पूर्ण घेतलं."

नबीलालांच्या हातातला पंच थांबला.

चौतीस वर्षं त्यांनी अर्धी तिकिटं फाडली होती. लहान मुलांची, म्हाताऱ्यांची. आता तर बायकांनाही मिळतं. अर्धं म्हटलं की वाहकाला एकच अर्थ कळतो आणि कुमारलाही तोच कळला. पण मायाक्का वाहकाशी बोलत नव्हत्या. त्यांना जायचं तिकीट हवं होतं. यायचं नको होतं.

आणि दाराजवळची शीट. मांडीवरची पिशवी. लांब जाणारा माणूस सामान वर फळीवर टाकतो आणि विसरून जातो. मांडीवर पिशवी धरून दाराशी बसतो तो मधेच उतरणारा. हे नबीलाल झोपेतही सांगू शकले असते. आज सकाळी त्यांची स्वतःची पिशवी त्यांनी फळीवर टाकली होती. डोळ्यांसमोर सगळं होतं आणि त्यांनी विचारलं काय, तर खिडकी लावू का.

"कुमार," ते हळूच म्हणाले, "ती परत येणारच नव्हती. घरून निघतानाच ठरवून निघाली होती."

कुमारचा चेहरा राखेसारखा झाला. खाली भीमा पुन्हा पाण्यात उतरत होता.

६

नबीलाल त्या काळ्या दगडापाशी बराच वेळ उकिडवे बसले. बाळासो रुमालानं वारा घेत मागं उभे होते. "आता काय बघताय, कंडक्टर? गेली ती. देव तिला…"

"थांबा." नबीलालांनी हात वर केला, चालत्या गाडीत करत तसा. "बाळासो, तुम्ही पोहायला उतरताना चपला कुठं काढता?"

"कुठं म्हणजे? असतील तिथं."

"आणि दुसऱ्याच्या घरी गेलात तर?"

"दाराच्या बाजूला. मधे काढल्या तर लोक अडखळतील की."

"ह्या बघा. एवढा मोठा दगड, सगळा मोकळा. आणि ह्या काढल्यात अगदी उजव्या कडेला. मधली वाट सोडून. इथं कोण येणार-जाणार होतं, की ज्याला वाट पाहिजे?"

भीमा कमरेइतक्या पाण्यात तसाच थांबला. त्यालाच आधी उमगलं.

"उंबरा हाय ह्यो," तो म्हणाला.

"उंबरा. आणि ह्या दगडांच्या ओळी म्हणजे भिंती. पाणी भिंतींच्या पलीकडं आहे. ती पाण्याकडं निघालीच नव्हती. घरात शिरली. होडीत बसून देवळासाठी चपला काढणारी बाई स्वतःच्या घरात चपला घालून शिरेल?" नबीलाल उठले आणि चपला काढून, बाजूला ठेवून, उंबरा ओलांडला. का कोण जाणे, कुमारनंही बूट काढले. भाजत होतं. दोघं त्या वितभर भिंतींच्या मधून चालत गेले. हा सोपा असेल, हे माजघर, ही चूल. शेवटच्या ओळीत एक खंड होता. दोन हातांचा.

"हे परसदार," नबीलाल म्हणाले. खंडाच्या पलीकडं दहा पावलांवर होडी बांधलेली होती. "भीमा! तुझ्या चपला नेमक्या कुठं होत्या?"

"तितंच! तुमी हुबं हाय तितं!"

"मग चोरी उलगडली. ती पुढच्या दारानं आत आली, घर बघितलं आणि मागच्या दारानं बाहेर पडली. परत पुढं का गेली नाही? पुढच्या वाटेवर हा पठ्ठ्या उभा राहून 'चला, बसा, बसा' करत होता. पुन्हा तिकडं गेली असती तर ह्यानं उचलून गाडीत बसवली असती. पण जमीन तापलेली, पाय अनवाणी. समोर भीमाच्या चपला." नबीलालांचा आवाज थोडा चढला. "पिशवी बरोबर नेली. दुसऱ्याच्या चपला चोरल्या. कुमार, मरायला निघालेली बाई चपला कशाला चोरेल? जिला पुढं चालायचंय तीच चोरते."

कुमार रडायला लागला की हसायला, ते नीटसं कळलं नाही.

"पण चालत कुठं?"

परसदारातून एक पायवाट टेकाडाला बगल देऊन वर जात होती. तिच्या शेवटी, दोन किलोमीटरवर, पाण्याची टाकी दिसत होती. टाकीवर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: बोरटाकळी. नवी हा शब्द रंगवायला कुणाला सुचला नव्हता.

७

नबीलाल आणि भीमा दोघंच निघाले. कुमारला टेकाडावर पाठवलं, पोलिसांना जरा थांबवायला. जाताना तो दोनदा म्हणाला, "घेऊन या हं, चाचा. सही केलीय मी." भीमाच्या पायात मायाक्कांच्या सोनेरी पट्टीच्या चपला होत्या, टाचा बाहेर. रस्त्यात भेटलेल्या एका शेळ्या राखणाऱ्या माणसानं त्या चपलांकडं बघितलं आणि सभ्यपणे नजर दुसरीकडं वळवली.

गावाच्या कडेच्या पत्र्याच्या घरातून घरघर ऐकू येत होती.

"गिरणी?" नबीलालांनी विचारलं.

"न्हाय. जातं हाय."

सोप्यात दोन म्हाताऱ्या समोरासमोर बसून एकच खुंटा धरून दळत होत्या. गाणं-बिणं काही नव्हतं. भांडत होत्या.

"हळू फिरीव की गं."

"तूच आडवतीयास. आदीपास्नं तसलीच तू."

दाराशी निळ्या रबरी चपला होत्या. बाजूला काढलेल्या.

"माझ्या चपला आणल्या का?" वर न बघता मायाक्कांनी विचारलं.

"आणल्या," नबीलाल म्हणाले. "आम्ही तुम्हाला पाण्यात शोधत होतो, मायाक्का."

जातं थांबलं. "पाण्यात? मला?" त्यांना खरंच नवल वाटलं. "घर समोर दिसत असून?"

"आम्हाला दिसलं नाही. उशिरा दिसलं."

समोरची म्हातारी चिमाबाई, त्यांची जाऊ. गाव उठलं तेव्हा दोघींची वाटणी झाली. जातं चिमाबाईला गेलं. मायाक्का रागारागानं त्याचा खुंटा उपसून घेऊन सोलापूरला गेल्या, तेव्हापासून बोलणं बंद. बाळासोंना लाटणं वाटला होता तो दांडा हाच.

"चाळीसच्या वर वर्षं झाली," नबीलाल चकित होऊन चिमाबाईंना म्हणाले. "दुसरा खुंटा बसवता आला असता की."

"आला असता," चिमाबाई म्हणाल्या. "मग ही कशाला आली असती?"

भीमानं उगाच आपल्या चपला उचलून तार तपासली.

"गाडी थांबलीय, मायाक्का," शेवटी नबीलाल म्हणाले. "कुमारनं लिहून दिलंय."

"अर्धं मागितलं हुतं मी. त्यानं पूर्ण घ्याया लावलं. म्हणून काय पूर्ण जायाचं?" मायाक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "पोरगं रोज आठाला फोन करतं. पाच मिन्टं. ते हितं बी येतंय, चिमीला इचारलं मी. अन् तितं चवथ्या मजल्यावर काय हाय? टीवी हाय. तिच्याशी भांडता येत न्हाय."

नबीलालांनी भीमाच्या फोनवरून कुमारला लावलं आणि फोन मायाक्कांच्या कानाला धरला. "मी मायाक्का," त्या ओरडल्या. "म्या पोचले. ठिव आता."

प्रवाशाचं तिकीट जिथवरचं, तिथं त्याला उतरू द्यायचं. चौतीस वर्षांत नबीलालांनी हा एक नियम मोडला नव्हता. ते उठले.

"जेवून जावा की," चिमाबाई म्हणाल्या. "आताच दळलंय."

"गाडी थांबलीय."

मायाक्कांनी मूठ मूठ करून पीठ एका फडक्यात बांधलं आणि त्यांच्या पुढं धरलं. "तुमी कुटं उतरणार?"

"मी? शेवटचा थांबा. सोलापूर."

"तितं कोण हाय?"

नबीलालांनी फडक्याची गाठ नीट केली. "सामान आहे," ते म्हणाले.

दिवेलागणीला गाडी सुटली. नबीलालांनी पंच काढला. बाळासो, टिक. स्वतः, टिक. मग दाराजवळच्या रिकाम्या शिटेकडं बघून, टिक. पत्र्यावर दोनदा हात मारला, आणि घंटा नसलेल्या त्या गाडीत कुमारनं बरोबर गियर टाकला. दाराजवळची शीट मोकळी होती, गुडघाही दुखत होता, पण बाळासो तिथं जाऊन बसले नाहीत.

मोहोळच्या पुढं कुमारनं आरशातून मागं बघितलं. नबीलालांची पिशवी मांडीवर होती, दोन्ही हात तिच्यावर.

"चाचा, अजून अर्धा तास आहे. पिशवी वर ठेवा की."

"असू दे," नबीलाल म्हणाले.

पिशवीतलं पीठ अजून कोमट होतं. एप्रिलमध्ये सोलापुरात सगळंच कोमट असतं, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी हात काढले नाहीत.